घरटॅक्स वाढणार म्हणे! करवाढीला विरोध करणाऱ्या नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की इकडे सिव्हिल लाइन्समध्ये, महापालिकेच्या मुख्यालयात, पुढच्या वर्षीच्या करांची आकडेमोड सुरू होते. मग एके सकाळी पेपरात बातमी येते, दुपारपर्यंत ती गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा वेळा फिरते, आणि संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर जो तो एकमेकाला विचारतो, 'किती वाढणार?'

आम्ही शहरातल्या एका लेआउटचे रहिवासी. करवाढीला आमचा विरोध आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा गैरसमज नको. पण ओट्यावरच्या बैठकीत एक गोष्ट ध्यानात आली. विरोध करायला सगळे तयार, आपलं स्वतःचं डिमांड बिल उघडून वाचलेले मात्र दोन-तीनच. त्या बैठकीत आणि नंतर जे प्रश्न आले, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

करवाढ म्हणजे नेमकं वाढतं काय?

इथेच सगळी गंमत आहे. घरटॅक्स, म्हणजे मालमत्ता कर, दोन वाटांनी वाढतो आणि लोकांची नजर एकाच वाटेवर असते.

पहिली वाट दराची. करयोग्य मूल्यावर किती टक्के कर घ्यायचा, तो दर. दुसरी वाट त्या करयोग्य मूल्याची. तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं यावं, याचा अंदाज म्हणजे वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीखातर १० टक्के वजा केले की उरतं ते करयोग्य मूल्य.

समजा तुमचं घर ८०० चौरस फुटांचं आहे आणि भाडं दरमहा चौरस फुटाला २ रुपये धरलं. वर्षाचे झाले १९,२०० रुपये. १० टक्के वजा, उरले १७,२८०. सगळे कर मिळून त्याच्या ३० टक्के धरले तर बिल आलं ५,१८४ रुपये. (हे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेत, तुमच्या बिलावरचे वेगळे असतील.)

आता दर ३० चा ३३ केला. बिल ५,७०२. पेपरात मोठा मथळा, चौकात निदर्शनं. त्याऐवजी दराला हातच लावला नाही आणि भाडं २ रुपयांऐवजी ३ रुपये धरलं, तर बिल ७,७७६. म्हणजे थेट दीडपट, आणि 'करांच्या दरात कोणतीही वाढ नाही' हे वाक्य अक्षरशः खरं! त्यात मोजणी करणाऱ्याने ८०० चे १,००० फूट लिहिले, भाडंही ३ धरलं आणि दरही ३३ झाला, तर १०,६९२. दुपटीहून जास्त.

त्यामुळे 'करवाढ रद्द करा' ही घोषणा पहिल्या वाटेपुरती. दुसऱ्या वाटेवर घोषणा चालत नाही. तिथे प्रत्येकाला आपापल्या घराचा कागद घेऊन लढावं लागतं. पुढचं सगळं या फरकावर उभं आहे, म्हणून हे उत्तर एवढं लांबलं.

हे दर ठरवतं कोण आणि कधी?

नागपूरला पूर्वी स्वतःचा वेगळा कायदा होता, १९४८ चा. २०१२ पासून राज्यातल्या इतर महापालिकांसारखा १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम इथेही लागू आहे. त्याच्या कलम ९९ प्रमाणे येत्या आर्थिक वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. आयुक्तांकडून प्रस्ताव, त्यावर स्थायी समिती, मग सर्वसाधारण सभा, अशी ती वाट.

तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. मार्चमध्ये बजेटची बातमी वाचून जे निवेदन घेऊन निघतात त्यांचं म्हणजे वरातीमागून घोडं. बोलायचं ते डिसेंबर-जानेवारीत, प्रस्ताव समितीसमोर असताना.

नगरसेवकाला धरलं तर काम होईल का?

दराच्या बाबतीत, हो. १५१ जणांच्या सभागृहात मतदानाला टाकायची गोष्ट आहे ती. मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं सगळे अधिकार प्रशासकाकडे होते. त्या काळात 'कोणाला विचारायचं' हाच प्रश्न होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, त्यामुळे आता विचारायला प्रभागात माणसं आहेत. एका प्रभागातून साधारण चार जण निवडून येतात. चौघांनाही पत्र द्या, नाही तर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पत्रात एकच प्रश्न विचारा: सभेत तुम्ही वाढीच्या बाजूने मत देणार की विरोधात? 'तुमच्या भावना पोहोचवतो' हे उत्तर नाही.

सभागृहाने ठराव केला तरी कलम ४५१ खाली राज्य सरकार तो निलंबित करू शकतं. करवाढीला 'स्थगिती' मिळाल्याच्या ज्या बातम्या येतात त्या बहुधा याच दाराने.

बिलात एवढे सगळे कर कशाचे? आम्हाला वाटलं एकच टॅक्स असतो.

सामान्य कर हा त्यातला मोठा. त्याच्यासोबत पाणी, मलवाहिनी, सफाई, अग्निशमन, रस्ते, शिक्षण अशा नावांच्या ओळी. वृक्ष कर येतो १९७५ च्या झाडांच्या कायद्यातून. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य सरकारचे, १९६२ च्या कायद्याचे. महापालिका फक्त गोळा करून पुढे पाठवते. रोजगार हमीची ओळ दुकान-कार्यालयांसाठी असते. तुमच्या राहत्या घराच्या बिलावर ती दिसली तर समजा की तुमचं घर कुठेतरी व्यावसायिक म्हणून नोंदलं गेलंय. हा सगळ्यात सोपा सुगावा आहे.

पाण्याचं बिल तर वेगळं भरतो, मग यात पुन्हा पाणी कसं?

नळाचं बिल वापरलेल्या पाण्याचं, मीटरवर. घरटॅक्समधली ओळ पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थेच्या लाभाची. दोन्ही वेगळे. नळाचे दर २००९ च्या उपविधींप्रमाणे दरवर्षी १ एप्रिलला ५ टक्क्यांनी आपोआप चढतात, त्यासाठी सभेत कोणी हात वर करत नाही. घरटॅक्सवर भांडताना हे विसरू नका. घरातला खिसा एकच असतो.

महापालिकेला पैसे कमी पडतात तरी कशाने?

विरोध करायचा तर समोरच्याचं म्हणणंही माहीत पाहिजे. पूर्वी शहराच्या सीमेवर जकात नाके होते आणि तिजोरी त्यावर चालायची. एप्रिल २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. व्यापाऱ्यांनी बंद पाळले, मोर्चे काढले, आणि ऑगस्ट २०१५ पासून मोठी उलाढाल वगळता एलबीटीही गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. तेव्हापासून राज्याकडून दरमहा भरपाईचं अनुदान येतं आणि पगार-पेन्शन त्यावर अवलंबून. म्हणजे पूर्वी जे स्वतः गोळा करायचे ते आता मुंबईहून यायची वाट पाहावी लागते. स्वतःच्या हातात उरलेलं मोठं साधन एकच, तुमचं-आमचं घर.

वरून दिल्लीचा दट्ट्या. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली: मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढवून दाखवा. त्यामुळे 'वरून आदेश आहेत' हे अधिकाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण नीट वाचा, अट वसुली वाढवण्याची आहे. जे आधीच भरतात त्यांचाच दर वाढवा, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.

मग तुमचा विरोध कशाला आहे? कर नकोच का?

कर हवाच. गडर (गटार) साफ करायला, दिवे लावायला, भांडेवाडीला कचरा न्यायला पैसा लागतो. आमचं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं थकलंय त्यांच्याकडून घ्या. मग ज्या इमारतींना अजून करच लागलेला नाही किंवा जिथे घर दाखवून दुकान चालतं, ती आकारणी सरळ करा. त्यानंतरही कमी पडलं तर आमच्याकडे या, बसून बोलू. पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर येणं सोपं असतं, कारण वेळेवर भरणारा माणूस पत्त्यावर सापडतो.

दुसरं, भरणाऱ्याला काय मिळतं? शहरभर सिमेंटचे रस्ते झाले. चांगलं झालं. पण किती तरी गल्ल्यांत रस्ता घरापेक्षा उंच गेला आणि पावसाचं पाणी अंगणात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा घराघरातले फ्रीज आणि सोफे रस्त्यावर वाळत होते. त्या घरांना पुढच्या वर्षी 'जादा भाडेमूल्य' लावायचं म्हणजे, काय म्हणावं बाप्पा!

आमच्याकडे रस्ता नाही, गडरलाइन नाही. मग टॅक्स काहून भरायचा?

राग बरोबर आहे, पण कायद्यात हा मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही. कर आणि शुल्क यात फरक आहे. शुल्काच्या बदल्यात सेवा द्यावी लागते. सामान्य कराला तशी देवाणघेवाण लागत नाही. 'सेवा नाही म्हणून सामान्य कर नाही' असं लिहून दिलं तर एका ओळीत फेटाळतात.

पाणी आणि मलवाहिनीच्या ओळी मात्र वेगळ्या. त्या कोणत्या मालमत्तेवर लावायच्या याला कायद्यात अटी आहेत. तुमच्या भागात महापालिकेची जलवाहिनी किंवा मलवाहिनी पोहोचलीच नसेल, टँकरवर आणि सेप्टिक टँकवर दिवस काढत असाल, तर त्या नेमक्या ओळीवर हरकत घ्या. सगळ्या बिलावर रागावण्यापेक्षा एका ओळीवर बोट ठेवणं जास्त लागतं.

हुडकेश्वर-नरसाळ्याला तर ग्रामपंचायत असताना चार पैसे लागायचे.

२०१३ मध्ये ही गावं शहरात आली. शहरात आलं की शहराचा कर येतो, सुविधा मात्र मागून चालत येतात. तिथल्या लोकांसाठी वरचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. घर कोणत्या वर्षी बांधलं, पहिली आकारणी कधी झाली आणि कोणत्या वर्षापासूनची थकबाकी दाखवलीय, हे तिन्ही ताडून पाहा. घोळ तिथे सापडतो.

सगळ्यांनी मिळून टॅक्सच भरायचा नाही असं ठरवलं तर?

बैठकीत सगळ्यात जास्त टाळ्या या सूचनेला पडल्या. तरीही आम्ही नाही म्हणालो.

न भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढते. वर्षाचे २४ टक्के; एवढं व्याज तर सावकारही उघडपणे सांगत नाही. त्यापुढे वॉरंट, जप्ती आणि शेवटी लिलाव. हा कर मालमत्तेवरचा बोजा असतो, त्यामुळे घर विकताना, वारसाने नाव चढवताना, बँकेचं कर्ज काढताना तो समोर येऊन उभा राहतो. बहिष्कारात पुढे असलेला माणूस दोन वर्षांनी मुलीच्या लग्नासाठी प्लॉट विकायला निघाला, तर त्याच्या मदतीला टाळ्या येत नाहीत.

'अभय योजना येईल, तेव्हा शास्ती माफ होईल' असा हिशेब काही जण करतात. अशा योजना येतात, हे खरं. त्या दरवेळी वेळेवर भरणाऱ्याला मूर्ख ठरवतात, हेही खरं. पण त्या कधी येतील हे तुमच्या हातात नाही.

उपाय असा: कर भरा आणि सोबत पत्र द्या की आकारणी मान्य नसून हक्क राखून भरणा करत आहोत. पुढे अपिलात जायचं झालं तर वादातली रक्कम भरलेली असावी लागते, तेव्हा हे कामाला येतं. जूनअखेर वर्षाचा पूर्ण कर भरला तर गेल्या काही वर्षांत सवलत मिळत आलीय, ऑनलाइनला थोडी जास्त. विरोध करणाऱ्यानेही ती घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

माझं बिल बरोबर आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

इंडेक्स नंबर (मालमत्तेचा क्रमांक) टाकून बिल ऑनलाइन उघडा किंवा झोन कार्यालयातून आकारणीचा उतारा मागा. मागच्या पाच वर्षांच्या पावत्या शेजारी ठेवा. ज्या वर्षी रकमेने उडी मारलीय, ते वर्ष शोधा. मग त्या वर्षी काय बदललं ते पाहा: क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, की मजल्यांची संख्या.

२०१६ च्या सुमारास खाजगी एजन्सीकडून शहरातल्या मालमत्तांचं नव्याने सर्वेक्षण झालं आणि नंतरच्या बिलांवरून शहरभर ओरड झाली, ती पुष्कळांना आठवत असेल. अशा मोजणीत चुका ठरलेल्या जागी होतात. टिनाचं शेड स्लॅब म्हणून लागतं. पोर्च खोली होतो. वरच्या मजल्यावर नुसते कॉलम उभे असताना मजला पूर्ण दाखवला जातो. आजोबांच्या नावाचं घर तीन मुलांच्या नावाने तीनदा चढतं. समोरच्या खोलीत पिठाची गिरणी होती, ती बंद होऊन दहा वर्षं झाली, कागदावर मात्र अजून दळण सुरू आहे.

टेप घ्या आणि स्वतः मोजा. चटई क्षेत्र धरलंय की बांधीव, हेही विचारून घ्या. दोन्हींत चांगलाच फरक पडतो आणि निम्मे वाद त्यातूनच उठतात. मंजूर नकाशा, आखीव पत्रिका किंवा विक्रीपत्र, विजेचं बिल आणि घराचे चार बाजूंचे फोटो, एवढे कागद जवळ असू द्या.

हरकत कशी घ्यायची? साहेबांना भेटून सांगितलं तर चालतं ना?

नाही चालत. हे मी माझ्याच अनुभवावरून लिहितोय. काही वर्षांपूर्वी विशेष नोटीस आली, मागच्या अंगणातलं शेड धरून क्षेत्रफळ वाढलेलं. मी गेलो, खिडकीवरच्या माणसाशी बोललो. तो म्हणाला, 'पाहू काकाजी.' मी समाधानाने घरी आलो, येताना तर्री पोहेही खाल्ले. दोन महिन्यांनी बिल आलं ते वाढीवच. विचारायला गेलो तर पहिला प्रश्न, 'तुमची हरकत कुठे आहे?' कागद नव्हता. मुदत केव्हाच गेली होती. चूक सर्वस्वी माझी.

नियम असा की करयोग्य मूल्य वाढवायचं असेल तर मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते आणि त्यावर लेखी तक्रार घ्यावी लागते. दर ठरवताना घरोघरी अशी नोटीस येत नाही. म्हणजे मूल्याच्या वाटेवर तुम्हाला हक्काची सुनावणी आहे. मुदत नोटिशीवरच लिहिलेली असते. ती आठवड्यांची असते, महिन्यांची नाही. अर्ज दोन प्रतींत करा, एक आत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीला स्वतः जा. 'पाहू' या शब्दावर घरी येऊ नका.

हरकत फेटाळली तर?

कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येतं. मुदत फक्त १५ दिवस, त्याआधी आयुक्तांकडे तक्रार केलेली असली पाहिजे, आणि वादातली कराची रक्कम भरलेली पाहिजे. वकिलाची फी आणि वाचणारा कर यांचा हिशेब एका घरासाठी बहुधा जुळत नाही. एकाच प्रकारची चूक सगळ्या फ्लॅट स्कीमला लागली असेल तर मात्र जुळतो.

मुंबईत ५०० फुटांपर्यंत माफ आहे, पुण्यात ४० टक्के सूट आहे. नागपूरचं काय घोडं मारलंय?

मुंबईला १८८८ चा स्वतःचा कायदा आहे आणि २०२२ मध्ये तिथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ झाला. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत १९७० पासून होती. ती मध्येच काढली, लोक रस्त्यावर आले, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारला परत द्यावी लागली.

दोन्ही निर्णय झाले ते मंत्रालयात. त्यामुळे ही मागणी झोनच्या खिडकीवर करून उपयोग नाही, आमदाराकडे करा. आणि नागपूरकरांना यासाठी मुंबईची गाडीही पकडायला नको. १९५३ च्या नागपूर कराराने दरवर्षी एक अधिवेशन इथे होतं. डिसेंबरमध्ये अख्खं सरकार विधान भवनात आणि रविभवनात मुक्कामाला असतं. राज्यभरातून लोक मोर्चे घेऊन आपल्या गावात येतात, आणि आपण काय करतो? ट्रॅफिक जाम झाला म्हणून बोटं मोडतो.

मोर्चा कुठे काढायचा?

संविधान चौक किंवा व्हरायटी चौक या नेहमीच्या जागा. पोलिसांची परवानगी आधी घ्या. आमचं मत विचाराल तर पाचशे जणांच्या मोर्च्यापेक्षा एकाच दिवशी झोन कार्यालयात पडलेल्या दोनशे वेगवेगळ्या लेखी हरकती जास्त बोलतात. कारण प्रत्येकीची सुनावणी घ्यावी लागते. एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर सह्या गोळा केल्या तर ते एकच निवेदन धरलं जातं, हे लक्षात ठेवा.

माहितीच्या अधिकारात काय मागायचं?

१० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. 'करवाढ का केली' असं विचारू नका, कारण 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा. दहाही झोनची थकबाकी, वर्षवार. त्यातली सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांकडची किती. सर्वेक्षणात नव्याने सापडलेल्या पण अजून कर न लागलेल्या मालमत्तांची संख्या. वृक्ष कर आणि अग्निशमनाच्या नावाने जमा किती झाले, त्याच नावाने खर्च किती झाले.

केंद्र सरकारच्या मालमत्तांना राज्यघटनेच्या कलम २८५ ची सूट असते. रेल्वे, वायुसेना आणि केंद्राची कार्यालयं यांनी व्यापलेलं नागपूर काही थोडंथोडकं नाही. त्यांच्याकडून कराऐवजी सेवा शुल्क घेता येतं. ते किती ठरलंय आणि किती आलंय, हाही प्रश्न घाला. आमच्या मते सगळ्यात रंजक उत्तर याच प्रश्नाचं येईल.

खुल्या प्लॉटवरही टॅक्स?

हो. घर नसलं तरी जमिनीला कर आहे. बाहेरगावी राहणाऱ्यांनी घेऊन टाकलेल्या प्लॉटवर काटेरी झुडपं, डुकरं आणि शेजाऱ्यांचा कचरा असतो, आणि मालकाच्या नावाने थकबाकी फुगत जाते. या थकबाकीला आमची सहानुभूती नाही.

आमच्या लेआउटला अजून आरएल (नियमितीकरणाचं पत्र) नाही. टॅक्स भरला तर प्लॉट नियमित होतो का?

होत नाही. टॅक्स पावती म्हणजे मालकीचा पुरावा नाही आणि बांधकामाची परवानगीही नाही. गुंठेवारीचा २००१ चा कायदा, नागपूर सुधार प्रन्यासकडून (नासुप्र) मिळणारं आरएल आणि महापालिकेचा घरटॅक्स, ही तीन वेगळी दारं आहेत. 'टॅक्स लावून देतो म्हणजे सगळं पक्कं होईल' असं म्हणणाऱ्या दलालाला चहासुद्धा पाजू नका.

भाडेकरूने भरायचा की मालकाने?

महापालिका मालकाला ओळखते. तुमचा आपसातला करार काहीही असो. मात्र भाडेकरू गेला असेल आणि तुम्ही स्वतः राहत असाल तर 'वापर' बदलून घ्या.

माजी सैनिकांना माफी आहे ना?

२०२० पासून बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाच्या सन्मान योजनेखाली माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घरापुरती सूट आहे. ती आपोआप लागत नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र जोडून अर्ज करावा लागतो. निव्वळ पूजेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या जागेला कलम १३२ खाली सामान्य करातून सूट आहे. मंदिराच्या गाळ्यात मोबाईलचं दुकान असेल तर त्या गाळ्याला नाही.

अर्जात लिहायचं काय? नमुना द्या ना.

देतो, पण जसाच्या तसा उतरवू नका. कंसातल्या जागी तुमचं स्वतःचं दुखणं लिहा.

'मा. सहायक आयुक्त, (झोनचं नाव) झोन, नागपूर महानगरपालिका यांस. विषय: करयोग्य मूल्यातील वाढीवर हरकत. इंडेक्स क्रमांक (अमुक). महोदय, दिनांक (अमुक) ची विशेष नोटीस मला दिनांक (अमुक) रोजी मिळाली. त्यात माझ्या घराचे क्षेत्रफळ (अमुक) चौ. फूट दाखवले आहे. प्रत्यक्ष क्षेत्रफळ (अमुक) चौ. फूट असून मंजूर नकाशाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत. मागील बाजूस टिनाचे शेड असून ते पक्के बांधकाम नाही. तरी माझ्या समक्ष फेरमोजणी करून मूल्य दुरुस्त करावे. सुनावणीची तारीख लेखी कळवावी. तोपर्यंत भरलेला कर हक्क राखून भरला आहे, याची नोंद घ्यावी.'

खाली सही, पत्ता, मोबाईल नंबर. मोजायला माणूस आला की त्याला पाणी विचारा, टेपचं दुसरं टोक स्वतः धरा, आणि त्याने लिहिलेल्या कागदाचा तिथेच फोटो काढा.

झोन कार्यालयात कोणत्या वेळी गेलं तर माणूस भेटतो?

सकाळी अकराच्या सुमारास. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा सगळे वसुलीला बाहेर असतात.